मृगाच्या तेजोमेघाचा पांढरा गाभा: असा सुटला

एम ४२ च्या, म्हणजे मृगाच्या तेजोमेघाच्या फोटोत बाहेरचे पंख छान आले, पण गाभ्यातले ट्रॅपेझियमचे चार तारे पांढऱ्या डागात बुडाले. आधी स्ट्रेच न केलेल्या (अंधुक भाग अजून उजळून न काढलेल्या) मास्टरवर, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र करून मिळालेल्या चित्रावर, गाभ्यापाशी कर्सर नेला. पिक्सेलच्या उजेडाचा आकडा १.० (पूर्ण पांढरा) च्या आत असता तर दोष स्ट्रेचचा. इथे तो १.० लाच चिकटलेला होता, म्हणजे १८० सेकंदांच्या फ्रेममध्येच गाभा जळलेला. तिथे माहितीच नाही. मग उजेड बदलणारा कर्व्ह कितीही ओढा, राखाडी डागच मिळतो.

म्हणून ३० आणि ५ सेकंदांच्या प्रत्येकी ३०-४० फ्रेम घेतल्या. आयएसओ तोच. तिन्ही संच वेगवेगळे स्टॅक केले (प्रत्येकाच्या फ्रेम एकत्र करून एक चित्र), पण अलाइन, म्हणजे तारे जुळवणं, एकाच संदर्भ फ्रेमवर, आणि क्रॉपही सारखाच. मग पिक्सइनसाइट या खगोलचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एचडीआरकंपोझिशन: हे टूल लांब फ्रेममधला जळका भाग छोट्या फ्रेममधून भरतं. हे स्ट्रेचच्या आधीच करायचं.

पहिल्या खेपेला गाभ्याभोवती कडं उमटलं. उंबरठा (ज्या उजेडाच्या वर छोटी फ्रेम वापरली जाते) मुळात ०.८ असतो, तो ०.६ वर आणला आणि मास्कचा, म्हणजे भरायचा भाग ठरवणाऱ्या झाकणाचा, मऊपणा ७ वरून ११ केला, तेव्हा सांधा दिसेनासा झाला.

जोडलेलं चित्र ऑटोस्ट्रेचमध्ये (फक्त पडद्यावर दाखवण्यापुरतं उजळलेलं) अजूनही जळकंच दिसतं, त्याला फसू नका (बरेच जण इथेच सगळं पुसून पुन्हा सुरुवात करतात). स्ट्रेच करा, मग उजेडाचा मास्क लावून एचडीआरमल्टिस्केलट्रान्सफॉर्म (उजळ भागातले तपशील वर आणणारं टूल), ६ थर. थर कमी केले की गाभा सपाट, मातकट दिसतो.