इंधनाचा डबा घेताना आधी तेल बघा, मग नायट्रो

गेल्या दिवाळीत एक पोरगं मॉडेल विमानाचं साडेसात सीसीचं, म्हणजे आपण ४६ चं (०.४६ घनइंच) म्हणतो ते इंजिन घेऊन आलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं दुकान आहे, आणि विमानं उडवायचा नादही आहे, म्हणून असली इंजिनं माझ्या टेबलावर येतात. मफलर काढून आत बॅटरी मारली, तर पिस्टनवर उभे ओरखडे. दुकानदारानं त्याला ३० टक्के नायट्रोचा, म्हणजे नायट्रोमिथेनचा, इंधनाचा डबा दिला होता, "पॉवर जास्त मिळंल" म्हणून. डबा रिमोटच्या गाडीचा होता आणि त्यात तेल जेमतेम १० टक्के. इंजिन गेलं ते तेल कमी पडल्यामुळं.

या इंधनात मिथेनॉल, तेल आणि नायट्रो असतं, म्हणून डबा हातात घेतला की पहिला आकडा तेलाचा वाचा. साध्या टू-स्ट्रोकला १८ ते २० टक्के तेल पाहिजे आणि त्यात थोडं तरी एरंडेल असावं. इंजिन लीन होऊन (इंधन कमी, हवा जास्त) तापलं की सिंथेटिक तेल जळून जातं, एरंडेल मात्र धातूला धरून राहतं. त्याचा तपकिरी थर बसतो हे खरं, पण तो साफ करता येतो, पिस्टन नवा घ्यावा लागत नाही. ०४९ सारख्या (०.०४९ घनइंच) चिमुकल्या इंजिनाला २० ते २५ टक्के तेल द्या.

आता नायट्रो. एक किलो पेट्रोल जाळायला जवळजवळ १५ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आसपास, आणि नायट्रोमिथेनला दोन किलोपेक्षाही कमी, कारण त्याच्यातच ऑक्सिजन असतो. पण ५ ते १५ टक्क्यांत वेगापेक्षा जास्त फरक पडतो तो आयडलिंगमध्ये, म्हणजे इंजिन मंद चालताना. उतरताना थ्रॉटल खाली घेतला तरी इंजिन बंद पडत नाही, आणि परत उचलला की लगेच घेतं. साध्या टू-स्ट्रोकला ५ ते १० पुरे. फोर-स्ट्रोकला १० ते १५. ०४९ ला १५ ते २५. डब्यातली सगळ्यात महाग वस्तू नायट्रोच, तेव्हा उगीच जास्त घेऊ नका. १५ टक्केवाला एक लिटर आणि तेवढंच तेल असलेला बिननायट्रोचा अर्धा लिटर मिसळला की १० टक्के तयार.

नायट्रो वाढवलं की नीडल (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) थोडी उघडावी लागते. तळणाची चुरचुर ऐकू आली तर इग्निशन लवकर होतंय असं समजा. हेडखाली एक पातळ शिम (चकती) घाला, नाहीतर थंड, म्हणजे कमी तापणारा, प्लग लावा. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे. रत्नागिरीत लावलेली नीडल इथं रिच (इंधन जास्त) वाटते, एक-दोन क्लिक बंद करा. मग फुल थ्रॉटलवर कार्बोरेटरजवळची इंधनाची नळी बोटांत क्षणभर दाबून सोडा. आवाज जरा चढून परत खाली आला तर बरोबर. न चढता लगेच बसला तर लीन आहे, नीडल उघडा. हात नेहमी पंख्याच्या मागनंच न्या.

साखर कारखान्याचं स्पिरिट, म्हणजे इथेनॉल, चालंल का, असं इथं हमखास विचारतात. नाही चालत. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या वाफेमुळं लाल राहते, प्लगची बॅटरी काढल्यावरही इंजिन फिरतं ते त्याच्यामुळं. इथेनॉलवर तो मेळ बसत नाही. आणि मिथेनॉल हे विष आहे. तोंडानं नळी ओढू नका, हाताला लागलं तर लगेच धुवा. उन्हात त्याची ज्योत दिसतच नाही.

आपल्या पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जूनच्या आधी उरलेलं इंधन लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावतो. रविवारी शेवटची फेरी झाली की नळी काढून कार्बोरेटरमधलं इंधन संपेपर्यंत इंजिन चालवा. मग आत पाच-सहा थेंब आफ्टर-रन तेल सोडा आणि पंखा हातानं दहादा फिरवा. नायट्रोच्या जळण्यातून आम्ल राहतं, आणि गंज आधी मागच्या बेअरिंगला धरतो.