धोका वाटतोय? एचआयव्हीची तपासणी कधी करायची, आणि तोपर्यंतचे दिवस कसे काढायचे

बडोद्यात गेली बरीच वर्षं मी लोकांना एचआयव्हीच्या तपासणीला सोबत करतो. विद्यापीठाच्या हॉस्टेलमधली मुलं, मकरपुऱ्याच्या कारखान्यांतले कामगार, दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांतले लग्न झालेले पुरुष, कधी त्यांच्या बायका. माझ्याकडे येईपर्यंत प्रत्येकाला दोनपैकी एक सल्ला मिळालेला असतो. एक, "काही होत नाही, विसरून जा." दुसरा, "उद्याच टेस्ट करून टाक, म्हणजे डोक्याचा ताप जाईल." हे दोन्ही सल्ले माणसाचं नुकसान करतात.

आधी घड्याळ बघा

असुरक्षित शरीरसंबंधाला ७२ तास झाले नसतील तर पुढचं नंतर वाचा, आधी दवाखान्यात जा. या मुदतीत पेप नावाचं औषध सुरू करता येतं आणि ते एचआयव्हीला शरीरात मूळ धरण्यापासून अडवू शकतं. जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं. तिसऱ्या दिवसापेक्षा पहिल्या काही तासांतलं औषध कितीतरी जास्त कामाचं असतं. कोर्स २८ दिवसांचा. आपल्याकडे सहसा टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधं असलेली एकच गोळी रोज घ्यायची असते. किडनीचा त्रास असेल, किंवा ॲसिडिटीची औषधं, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. त्या एकाच वेळी घेतल्या तर डोल्युटेग्रॅविर नीट शोषलं जात नाही.

रात्र असो, रविवार असो, सयाजी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. ओपीडी उघडायची वाट बघू नका. "कालच्या रात्री कंडोमशिवाय संबंध आला, पेपबद्दल विचारायचंय" एवढं एकच वाक्य बोला. लाज वाटेल, तरी बोला. टाळाटाळ झाली तर वाद घालण्यात तास घालवू नका, तडक चांगल्या फिजिशियनकडे जा. तेही ही गोळी लिहून देऊ शकतात. जबरदस्ती झाली असेल तर सरकारी असो की खासगी, कोणत्याही हॉस्पिटलने ताबडतोब आणि मोफत उपचार देणं कायद्याने बंधनकारक आहे. बाईला गर्भ राहण्याची शंका असेल तर गर्भनिरोधाच्या तातडीच्या गोळीलाही साधारण तीच ७२ तासांची मुदत आहे. दोन्ही गोष्टी त्याच फेरीत विचारा.

धोका खरोखर होता का?

चुंबन, मिठी, हाताने स्पर्श, एकाच ताटात जेवण, डास, स्वच्छतागृह यांतून एचआयव्ही होत नाही. शेवटपर्यंत शाबूत राहिलेल्या कंडोमसह संबंध आला असेल तर धोका फारच कमी. मुखमैथुनातही तो अत्यल्प असतो. जोडीदार एचआयव्हीबाधित असून नियमित औषध घेत असेल आणि त्याच्या रक्तात विषाणू सापडत नसेल, तर त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. हे मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केलं आहे, तरी आजही लोकांना ते खरं वाटत नाही.

आणि खरा धोका होता तेव्हा? जोडीदार बाधित आहे आणि उपचार घेत नाही असं धरलं तरी दहा हजार वेळच्या संबंधांत लागणीचा अंदाज योनीसंभोगात स्त्रीला साधारण ८ वेळा, पुरुषाला ४ वेळा असा आहे. गुदमैथुनात आत घेणाऱ्या जोडीदाराला तो १३८ च्या आसपास जातो. जननेंद्रियावर जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल तर हे आकडे वाढतात. एका रात्रीने आयुष्य संपलं असं मानणाऱ्याने हे वाचावं. तपासणी मात्र तरीही करायची आहे.

कोणती तपासणी, कितव्या दिवशी

लागण झाल्यावर ती रक्तात दिसायला वेळ लागतो. या काळाला विंडो पिरियड म्हणतात. तो संपण्याआधी आलेला निगेटिव्ह रिपोर्ट पक्का धरता येत नाही.

सरकारी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, सहसा अँटीबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं, शोधणारी रॅपिड टेस्ट होते. तिचा निगेटिव्ह रिपोर्ट ९० दिवसांनी पक्का. खासगी लॅबमध्ये चौथ्या पिढीची टेस्ट मिळते. ती अँटीबॉडीबरोबर पी-२४ हा विषाणूचा अंशही शोधते. शिरेतून रक्त घेऊन मशीनवर केली असेल तर ४५ दिवसांनी पक्की. लॅबला फोन करून हाच प्रश्न विचारा: चौथ्या पिढीची आहे का, आणि मशीनवर होते की कार्डवर? कार्डवर असेल तर ९० दिवसच धरा. पेप घेतलं असेल तर ४५ दिवसांचा हिशोब सोडा आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखा पाळा. तीन महिन्यांची तपासणी त्यात असलीच पाहिजे.

आज एक तपासणी करून ठेवायला हरकत नाही. त्यातून आधीची स्थिती कळते. सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी यांचीही त्याच वेळी करा, आणि हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तीही.

पीसीआर, म्हणजे विषाणूच थेट शोधणारी टेस्ट, लवकर दाखवते म्हणून तिच्यामागे धावू नका. महाग असते, आणि ती निगेटिव्ह आली तरी शेवटची तपासणी टळत नाही. डॉक्टरांनी कारण सांगून लिहून दिली तरच करा.

एक गोष्ट मी दर वेळी आवाज चढवून सांगतो: तपासणी फुकट होईल म्हणून रक्तदान करू नका. विंडो पिरियडमधलं रक्त चाचणीतून निसटू शकतं आणि ते एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या पोराला चढतं.

मधले दिवस

खरी कसोटी इथे आहे. सुई टोचायला क्षणभर लागतो, पण तारीख ठरल्यापासून तारीख येईपर्यंतचा काळ माणसाला पोखरतो. मी स्वतः त्यातून गेलो आहे. रात्री अडीचला उठून आरशात जीभ बघणं काय असतं ते मला माहीत आहे. म्हणून या काळाबद्दल "टेन्शन घेऊ नका" असं म्हणणाऱ्या माणसाचा मला राग येतो. टेन्शन येणारच. त्याला दिवसभर घरभर फिरू द्यायचं की एका खोलीत बसवायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

लक्षणांवरून निदान करू नका. लागण झालेल्यांपैकी अनेकांना दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं होतं, हे खरं. पण बऱ्याच जणांना काहीच होत नाही, आणि हीच लक्षणं साध्या व्हायरलमध्ये, डेंग्यूत आणि पावसाळ्यातल्या कुठल्याही तापात असतात. म्हणजे लक्षण आलं तरी काही सिद्ध होत नाही, नाही आलं तरी नाही. शिवाय भीतीची स्वतःची लक्षणं असतात: जुलाब, भूक मरणं, वजन उतरणं, रात्री घाम, छातीत धडधड, अंगात मुंग्या. इंटरनेटवर एचआयव्हीची लक्षणं शोधली की नेमकी हीच यादी समोर येते. मानेतल्या गाठी दिवसातून वीस वेळा दाबून बघितल्या तर त्या दुखणारच. माझ्यासोबत आलेल्या एका मुलाची मान दाबून दाबून लाल झाली होती, आणि तो लालपणाच त्याला पुरळ वाटत होता. ताप आला तर डॉक्टरांकडे जा, संबंधाची तारीखही सांगा, आणि निदान त्यांच्यावर सोडा.

दहाव्या दिवशी, अठराव्या दिवशी, पंचविसाव्या दिवशी टेस्ट करत बसू नका. निगेटिव्ह आली की संध्याकाळपर्यंत बरं वाटतं. रात्री मन म्हणतं, अजून लवकर होतं ना? मग पुढची टेस्ट. दर वेळी दिलासा आधीपेक्षा कमी टिकतो आणि भूक वाढते, दारूसारखी. मधल्या काळात डॉक्टरांनी एखादी तपासणी सांगितली असेल तर ती करा. स्वतःच्या मनाने एकही नको. संबंधाच्या तारखेपासून दिवस मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तपासणीच्या दिवसाला साधा गोल करा. बाकी काही लिहायची गरज नाही.

शोधणं थांबवता येत नसेल, आणि बहुतेकांना येत नाही, तर त्याला वेळ नेमून द्या. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं. वहीत त्या दिवसाची भीती लिहायची: "घसा दुखतोय", "ती खोटं बोलली असेल तर". वेळ संपली की वही बंद. दुपारी तोच विचार आला तर मनाला सांगायचं, संध्याकाळी लिहू. पहिले काही दिवस हे जमत नाही, नंतर जमू लागतं. आठवड्याने वही मागे चाळली की कळतं, भीती त्याच चार वाक्यांवर फिरते आहे. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, हे करायचंच आहे. रात्रीचं शोधणं सगळ्यांत वाईट.

एका माणसाला सांगा, पण एकालाच. कोण, ते विचार करून ठरवा. मराठी बडोदं लहान आहे. रावपुऱ्यात बोललेलं वाडीत पोचायला वेळ लागत नाही. जवळ कुणी नसेल तर १०९७ ही एड्सची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन मोफत लागतो. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस, १४४१६. जीव द्यावासा वाटत असेल तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. त्याच क्षणी हा फोन लावा आणि शेजारच्या कुणालातरी जवळ बसवून घ्या.

घरात ताट-वाटी, टॉवेल वेगळे करू नका, पोरांना जवळ घेणं बंद करू नका. त्याने कुणाचंही रक्षण होत नाही, फक्त घर घाबरतं. बायकोशी किंवा नवऱ्याशी संबंध मात्र अंतिम रिपोर्ट येईपर्यंत कंडोमनेच, नाहीतर नकोच. यात सूट नाही. "कारण काय सांगू?" असं मला विचारतात. कारण सांगणं अवघड असेल, पण कारण नाही म्हणून तिला धोक्यात टाकणं मला मान्य नाही.

तपासणीचा दिवस

सकाळी ओपीडीच्या वेळेत जा. सयाजीत ओळखीचं कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर गोत्रीचं सरकारी हॉस्पिटल आहे, नाहीतर सरळ आणंद किंवा भरूच गाठा. केसपेपर काढून "आयसीटीसी क्यां छे?" एवढं विचारायचं. तपासणी मोफत असते. आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. त्यांना सगळं खरं सांगा, रिपोर्ट कसा वाचायचा हे त्यावर ठरतं. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, हे २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात आहे.

रिपोर्ट हातात आल्यावर

खासगी लॅबच्या रिपोर्टवर निकालाशेजारी आकडा असतो, ०.१२ किंवा ०.३५ असा, आणि बाजूला १.० ही मर्यादा. मर्यादेखालचा प्रत्येक आकडा सारखाच निगेटिव्ह. मागच्या वेळी ०.१२ होता आणि आता ०.३५ आहे, म्हणजे "वाढतोय", असं नसतं.

"रिअ‍ॅक्टिव्ह" आलं तरी ते निदान नव्हे. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तीन किट्सवर तपासून मगच पॉझिटिव्ह म्हणतात. एका खासगी लॅबच्या कागदावर उर बडवत बसण्यापेक्षा तो कागद घेऊन आयसीटीसीत जा. तिथेही पॉझिटिव्ह ठरलं तर एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या, केंद्रात औषध मोफत मिळतं. ही सोय देशात २००४ पासून आहे, आणि २०१७ पासून सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी किती आहेत याची वाट न बघता लगेच सुरू करतात. रोजची गोळी न चुकता घेणारा माणूस नोकरी करतो, लग्न करतो, त्याला निरोगी मुलं होतात. जोडीदारालाही तपासणीला न्या.

निगेटिव्ह आलं आणि तारीख बरोबर होती, तर तपासणी संपली. तरीही मन मानत नसेल, "लॅबने नळी बदलली असेल", "माझ्या शरीरात अँटीबॉडी बनतच नसतील" असे विचार सुटत नसतील, तर आता इलाज चिंतेवर करायचा आहे. हा ओसीडीचा (तेच विचार आणि तपासण्या थांबवता न येण्याचा आजार) किंवा चिंतेच्या आजाराचा भाग असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचाराच्या ओपीडीत जा आणि आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून सोबत न्या. किती वेळा तपासणी केली हे तोंडाने सांगताना माणूस आकडा कमी करतो. कागद समोर ठेवले की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत नेमकं दिसतं.