वेदीचित्राखालची गोष्ट वाचताना या चुका टाळा

फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठाच्या चर्चसाठी फ्रा आंजेलिको या चित्रकाराने 1438 ते 1443 च्या सुमारास मोठं वेदीचित्र, म्हणजे पूजेच्या वेदीवरचं चित्र, रंगवलं. वर मेरी आणि बाळ येशू, खाली छोट्या चित्रांची पट्टी, म्हणजे प्रेडेला. पट्टीत कॉस्मस आणि डेमियन या जुळ्या वैद्य-संतांची कथा आहे. खर्च फ्लॉरेन्सच्या धनाढ्य मेदिची घराण्याचा, आणि हे दोघे त्यांच्या घराण्याचे पाठीराखे संत.

लोक वरचं चित्र डोळे भरून बघतात आणि पट्टी शोभेची समजून पुढे सरकतात. खरी गंमत तिथेच आहे. पट्टीतली एकेक फळी जेमतेम 37 सेंमी उंच, त्यामुळे वाकून बघायची तयारी ठेवा.

एका चौकटीत एकच क्षण असतो, हेही धरून चालू नका. पॅलाडिया या आजारी बाईच्या चित्रात डावीकडे ती अंथरुणावर आहे आणि दोघे भाऊ तिला बरं करताहेत. उजवीकडे दारात तीच बाई डेमियनला भेट देते आहे. डेमियन दोनदा दिसतो, म्हणून तिसरा भाऊ शोधत बसू नका.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे एकच फळी सुटी बघणं. हे वैद्य कुणाकडून छदामही घेत नसत. पॅलाडियाने देवाची शपथ घातली म्हणून डेमियनने ती भेट घेतली. कॉस्मस इतका चिडला की 'मेल्यावर आम्हाला एकत्र पुरू नका' म्हणाला. पुढे दफनाच्या चित्रात एक उंट दिसतो आणि त्याच्या तोंडून अक्षरं निघतात: यांना वेगळं करू नका! पॅलाडिया माहीत नसेल तर हा उंट निव्वळ विनोदी वाटतो. अडचण अशी की पट्टीची फाटाफूट झाली आहे: पॅलाडिया वॉशिंग्टनला, उंटासह दोन फळ्या फ्लॉरेन्सला, बाकीच्या फळ्या म्युनिक, डब्लिन आणि पॅरिसमध्ये. तेव्हा सगळ्यांचे फोटो शेजारी-शेजारी लावूनच बघा.

आणखी एका फळीत झोपलेल्या जस्टिनियन नावाच्या चर्च-सेवकाचा एक पाय काळा दिसतो. तो डाग नाही की सावली नाही. त्याचा सडलेला पाय काढून संतांनी एका मृत कृष्णवर्णीयाचा पाय बसवला, अशी कथा आहे. हा चमत्कार संतांच्या मृत्यूनंतरचा, म्हणून तो दफनानंतर वाचायचा.

डब्लिनच्या फळीत मात्र आगीत दोनापेक्षा जास्त संत दिसतात, आणि तिथे खरंच जास्त आहेत. या जुळ्यांना आणखी तीन भाऊ होते आणि छळ पाचही भावांचा झाला होता.