पोस्टग्रेसक्यूएलच्या अंतरंगातील बग कसा दुरुस्त करावा : देवनागरी डेटाच्या वाटेने

आंबापेट्यांचा हिशेब, मच्छीमार सोसायटीची डिझेल-बर्फाची नोंद, पर्यटकांच्या खोल्यांचे बुकिंग अशा कामांसाठी रत्नागिरी, देवगड, मालवण, अलिबाग या पट्ट्यात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी जे पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस वापरतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प १९९६ पासून आजच्या नावाने चालतो. त्याचा सी भाषेतील सारा कोड खुला आहे आणि त्यात दुरुस्ती सुचवण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. सुचवलेली दुरुस्ती स्वीकारली जाणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. म्हणून नवख्याने क्वेरी प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग) किंवा लॉक-व्यवस्थेत एकदम हात घालू नये, असे माझे मत आहे, कारण त्या भागांवर वर्षानुवर्षे काम करणारी जाणती माणसे तिथे आधीपासून आहेत. मजकूर हाताळणाऱ्या कोडची स्थिती निराळी आहे. देवनागरीत काय चुकले हे मराठी वाचणाऱ्याला एका नजरेत दिसते, तर इतरांना ते दाखवून द्यावे लागते. सुरुवात तिथून करावी.

आधी तो बग आहे का, हे ठरवावे

तक्रार म्हणून आलेल्या बऱ्याच गोष्टी नियमानुसार वागणाऱ्या निघतात, आणि ही छाननी न करता पाठवलेला पॅच (कोडमधील बदलाची फाइल) वाचणाऱ्याचा वेळ खातो. एक उदाहरण घेऊ. 'रत्नागिरी_मच्छीमार_नोंदवही' या नावाचे टेबल तयार केले, तर पोस्टग्रेस एक सूचना दाखवतो आणि टेबलचे नाव 'रत्नागिरी_मच्छीमार_नों' एवढेच ठेवतो. त्यानंतर 'रत्नागिरी_मच्छीमार_नोंदणी' हे दुसरे टेबल करायला गेल्यास असे टेबल आधीच आहे असा एरर येतो. कारण सरळ आहे. नावाची मर्यादा ६३ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, म्हणजे मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांनाही, ३ बाइट लागतात. इंग्रजी नावाला ६३ अक्षरे मिळतात, तर देवनागरीला जेमतेम २१ चिन्हे. हे गैरसोयीचे आहे, पण बग नाही. ही मर्यादा कंपाइल करताना ठरते, आणि ती बदलल्यास डेटा डिरेक्टरी नव्याने तयार करावी लागते.

दुसरे उदाहरण क्रमवारीचे. रत्नागिरीजवळची काळबादेवी आणि कासारवेली ही दोन गावे 'सी' कोलेशनने (कोलेशन म्हणजे क्रमवारीचा नियम) लावली की काळबादेवी आधी येते, कारण युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो, त्यामुळे शाळेत शिकलेल्या क्रमाने कासारवेली आधी यायला हवी. इथे डेटाबेसने काहीही चुकवलेले नाही, कारण 'सी' कोलेशन म्हणजे निव्वळ बाइटांचा क्रम. मराठी क्रम हवा असल्यास आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे मराठी कोलेशन निवडावे. आयसीयूची सोय १०व्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

तिसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे असून माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचे आहे. 'मिऱ्या' हे नाव तीन प्रकारे साठवलेले सापडू शकते : 'ऱ' या स्वतंत्र चिन्हाने, 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक वापरून. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, पण शोधताना एकच सापडते आणि उरलेली दोन निसटतात. १३व्या आवृत्तीत आलेले नॉर्मलाइझ हे फंक्शन पहिल्या दोन रूपांना एकत्र आणते, कारण युनिकोडच्या नियमाने ती समान आहेत. तिसऱ्या रूपाला ते हात लावत नाही, आणि लावायलाही नको, कारण युनिकोडने त्या रूपाला पहिल्या दोघांशी समान मानलेले नाही. म्हणून अशी तक्रार आली की प्रथम ते नाव बाइटांत रूपांतरित करून हेक्समध्ये पाहावे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. पहिली दोन रूपे नॉर्मलाइझ केल्यावरही वेगळी राहिली, तरच तो पोस्टग्रेसचा दोष ठरतो. तिसऱ्या रूपाचा बंदोबस्त आपल्या ॲप्लिकेशनमध्येच, माहिती भरून घेताना करावा.

कोड बांधून घेणे

रिपॉझिटरी गिटने एकदा क्लोन केली की जुना इतिहास, शाखा आणि कमिटचे सविस्तर संदेश असे सगळे स्वतःच्या मशिनवर येते. पावसाळ्यात नेटवर्क दोन-दोन दिवस नसते अशा ठिकाणी ही सोय फार मोलाची आहे. सी कंपायलर, बायसन, फ्लेक्स, पर्ल आणि आयसीयूच्या डेव्हलपमेंट फाइली बसवून घ्याव्यात. बांधणीसाठी जुनी कॉन्फिगर-मेकची पद्धत चालते, आणि १६व्या आवृत्तीपासून मेसनही चालते. कोणतीही निवडली तरी दोन गोष्टी विसरू नयेत : असर्शन (कोडमधील अंतर्गत तपासण्या) चालू ठेवणारा पर्याय, आणि डीबग माहितीसह ऑप्टिमायझेशन बंद ठेवणे. असर्शनच्या बिल्डमध्ये मोकळ्या केलेल्या मेमरीत सेव्हन-एफ ही हेक्स किंमत भरली जाते. त्यामुळे डीबगरमध्ये एखाद्या पॉइंटरची किंमत सेव्हन-एफ, सेव्हन-एफ अशी ओळीने दिसली, तर आधीच सोडून दिलेली मेमरी कोणीतरी वापरत आहे हे लगेच कळते. हा बिल्ड साहजिकच हळू चालतो, म्हणून त्यावर वेगाची मोजणी कधीही करू नये.

एकही ओळ बदलण्यापूर्वी 'मेक चेक' चालवून सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होतात याची खात्री करावी. तसे केले नाही, तर पुढे आलेले अपयश आपल्या बदलाचे की मशिनवरील एखाद्या लायब्ररीचे, हे सांगता येत नाही.

बगचा माग काढणे

समजा, मराठी मजकुराच्या शोधात एखादा शब्द मधेच तुटत आहे. टीएस-डीबग हे फंक्शन त्या शब्दाचे पार्सरने (मजकुराचे शब्द पाडणाऱ्या कोडने) कोणते तुकडे केले ते दाखवते. आपली क्वेरी कापत कापत एका ओळीवर आणि शेवटी एका शब्दावर आणावी. चार टेबलांची जोडणी असलेली तक्रार कोणी वाचत नाही, एका शब्दाची वाचतात.

मूळ पार्सर बॅकएंडच्या टीएससर्च या डिरेक्टरीत, डब्ल्यूपार्सर-डेफ या सी फाइलमध्ये आहे. मुळात मॉस्कोतील ओलेग बार्तुनोव आणि तेओदोर सिगायेव यांनी विकसित केलेली ही शोधयंत्रणा २००८ मध्ये, ८.३ या आवृत्तीत, पोस्टग्रेसच्या गाभ्यात आली. या फाइलमधील एक लहानसे फंक्शन आपल्या कामाचे आहे. एखादे चिन्ह अक्षर नसले तरी ते शब्द तोडणारेही नाही, हे तिथे दोन टप्प्यांत ठरते. चिन्हाची पडद्यावरील रुंदी शून्य असेल, तर ते शब्दाचा भाग मानले जाते. आपले उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त या वाटेने सुटतात. काना, वेलांटी, ओकार, विसर्ग ही चिन्हे मात्र जागा घेतात, त्यांची रुंदी शून्य नसते. म्हणून अशा चिन्हांची युनिकोड क्रमांकांनुसार एक यादीच कोडमध्ये लिहिलेली आहे आणि तीत देवनागरीच्या मात्रा अगदी सुरुवातीला आहेत.

या रचनेतून तपासाची दिशा मिळते. शब्द उकारापाशी किंवा हलन्तापाशी तुटत असेल, तर संशय रुंदीच्या तक्त्यावर घ्यावा. कान्यापाशी किंवा वेलांटीपाशी तुटत असेल, तर यादीवर. रुंदीचा तक्ता हाताने लिहिलेला नसून युनिकोडच्या फाइलींवरून पर्लच्या स्क्रिप्टने तयार होतो. त्यामुळे तक्त्यात थेट ओळ घालणे चुकीचे ठरते, दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये करावी लागते. हा तक्ता एकदा नव्याने तयार केला गेला, तेव्हा शून्य रुंदीची काही स्वरूपचिन्हे त्यातून निसटली होती आणि ती नंतर परत घ्यावी लागली. चांगल्या हेतूने केलेली सफाईही अशी कुणाच्या तरी लिपीवर येते. यादीत भर घालायची असेल, तर क्रमांक चढत्या क्रमातच राहिले पाहिजेत, कारण त्या यादीत बायनरी सर्च केला जातो आणि नवा क्रमांक शेवटी चिकटवल्यास त्याच्यासह आणखीही काही चिन्हे सापडेनाशी होतात.

प्रत्यक्ष चालत्या कोडमध्ये पाहण्यासाठी एका खिडकीत सत्र उघडून त्याचा प्रोसेस क्रमांक पीजी-बॅकएंड-पिड या फंक्शनने घ्यावा आणि दुसऱ्या खिडकीतून जीडीबी हा डीबगर त्या प्रोसेसला जोडावा. एरर कुठून येतो हे माहीत नसल्यास 'एररफिनिश' या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावला की एरर उठताच अंमलबजावणी तिथे थांबते आणि मागचा सारा प्रवास दिसतो. बग नव्या आवृत्तीतच आला असेल, तर गिट बायसेक्टने (जुन्या-नव्या कमिटांची यादी अर्धी अर्धी करत) नेमका कमिट शोधावा. त्या कमिटचा संदेश मन लावून वाचावा, कारण बदल का केला हे त्यात बहुधा लिहिलेले असते, आणि आपली 'दुरुस्ती' त्यांनी जाणूनबुजून सोडून दिलेलीच गोष्ट असू शकते.

वीज गेल्यावर काय होते

कोकणात जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे क्रॅशनंतर डेटाबेस पूर्वस्थितीला कसा येतो हा विषय इथल्यांना जवळचा वाटतो. मूळ तत्त्व असे की डेटाचे ८ केबीचे पान डिस्कवर जाण्याआधी त्या बदलाची नोंद राइट-अहेड लॉगमध्ये डिस्कवर पोहोचलेली असली पाहिजे. या भागातील बदल तपासताना सर्व्हर 'इमिजिएट' पद्धतीने थांबवून पुन्हा सुरू करणे उपयोगी असले, तरी ते पुरेसे नाही. त्यात फक्त पोस्टग्रेस मरतो, ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरीत धरून ठेवलेली पाने शाबूत राहतात. खरी वीज गेल्यावर ती पानेही जातात. म्हणून व्हर्च्युअल मशिन एकदम बंद करूनच ही चाचणी घ्यावी.

या फरकाचे गांभीर्य २०१८ मध्ये सर्वांना कळले. डिस्कवर लिहिताना चूक झाली की लिनक्स ती 'एफसिंक'च्या (डेटा डिस्कवर उतरवून घेण्याच्या आज्ञेच्या) वेळी एकदा कळवत असे, पण ती पाने आता स्वच्छ आहेत असे समजून पुढे जात असे. पोस्टग्रेस पुन्हा एफसिंक करी, त्याला यश कळवले जाई आणि डेटा मात्र गेलेला असे. फेब्रुवारी २०१९ च्या ११.२ आणि तिच्यासोबतच्या जुन्या शाखांच्या आवृत्त्यांत यावर उपाय आला : एफसिंक एकदा अपयशी झाला की पुन्हा प्रयत्न न करता सर्व्हर स्वतःहून पडतो आणि लॉगवरून सावरतो. सर्व्हर पाडणे ही दुरुस्ती कशी, असा प्रश्न पडेल. खोट्या यशापेक्षा उघड अपयश बरे, हा विचार डेटाबेसच्या अंतरंगात काम करताना वारंवार उपयोगी पडतो.

पॅच लिहिणे आणि पाठवणे

दुरुस्तीआधी चाचणी लिहावी. चाचणीची एसक्यूएल फाइल आणि अपेक्षित उत्तराची फाइल अशी जोडी असते. नवी चाचणी जुन्या कोडवर अपयशी आणि नव्यावर उत्तीर्ण होते, हे स्वतः पाहावे. देवनागरीची चाचणी फक्त यूटीएफ-८ एन्कोडिंग असलेल्या डेटाबेसवरच चालावी अशी तजवीज करावी लागते, आणि त्यासाठी आयसीयू कोलेशनच्या विद्यमान चाचणीची सुरुवात नमुना म्हणून पुरेशी आहे. मिऱ्यासारखे शब्द चाचणीत थेट टाइप न करता युनिकोड क्रमांकाच्या एस्केप पद्धतीने लिहावेत, नाहीतर कोणाचा तरी एडिटर तिन्ही रूपे एक करून टाकेल आणि चाचणीला अर्थच उरणार नाही.

एका पॅचमध्ये एकच काम असावे. शेजारची रचना कितीही विस्कळीत वाटली तरी ती आवरायला घेऊ नये. कोडची मांडणी पीजीइंडेंट या त्यांच्याच साधनाने करावी. पॅचची छाननी कमिटफेस्टमध्ये होते, आणि ते जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी व मार्च असे वर्षातून पाच वेळा भरते. स्वतःचा पॅच पाठवणाऱ्याने दुसऱ्याचा एखादा तपासून द्यावा अशी तिथे अपेक्षा असते, आणि ती पाळल्याने शिकायलाही बरेच मिळते.

ज्यांना सी भाषेत उतरायचे नाही, त्यांनी बीटा, म्हणजे प्रकाशनापूर्वीच्या चाचणी, आवृत्त्या तपासाव्यात. पहिला बीटा साधारणपणे मे महिन्यात येतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्यामुळे सोसायटीच्या कॉम्प्युटरवर त्या काळात कामाचा ताण नसतो. खऱ्या डेटाची प्रत काढून, त्यातील नावे आणि फोन क्रमांक बदलून, नेहमीच्या क्वेरी बीटावर चालवून पाहण्यासाठी याहून सोयीचा काळ नाही.

क्रमवारीशी संबंधित कोणत्याही दुरुस्तीबाबत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. बी-ट्री इंडेक्स हा ठरलेल्या क्रमानेच डिस्कवर लिहिलेला असतो. क्रमाचा नियम बदलला आणि इंडेक्स जुनाच राहिला, तर असलेली रो सापडत नाही आणि युनिक इंडेक्समध्येही दुहेरी नोंद शिरू शकते. २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ ने क्रमवारीचे नियम बदलले, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत करणाऱ्या अनेकांचे इंडेक्स पोस्टग्रेसमधील एकही ओळ न बदलता असेच बिघडले. म्हणून असा बदल जुन्या शाखांत सहसा घेतला जात नाही, तो पुढच्या मुख्य आवृत्तीची वाट पाहतो. निव्वळ बगची दुरुस्ती मात्र फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या ठरलेल्या महिन्यांतील किरकोळ आवृत्त्यांतून पाच वर्षांपर्यंतच्या जुन्या शाखांत पोहोचते. ती बसवण्यापूर्वी प्रसिद्धीपत्रकात रीइंडेक्स करण्याची सूचना आहे का हे पाहावे, आणि शंका असल्यास ॲमचेक या एक्स्टेन्शनने गावांच्या आणि माणसांच्या नावांवरील इंडेक्स आधी तपासून घ्यावेत.