पिल्लाचं खाणं आणि लीशची सवय : या चुका टाळा

घरात नवं पिल्लू आलं की पहिल्या महिन्यात मला दोनच प्रकारचे फोन येतात. एक, "पोट बिघडलंय, कुठलंच फूड त्याला मानवत नाही." दुसरा, "लीश लावली की जागचं हलत नाही." खोलात गेलं की दोन्हीकडे बहुतेक वेळा घाईच सापडते. पिल्लू लवकर मोठं दिसायला हवं, लवकर रस्त्यावर शेजारी चालायला हवं. त्या घाईत होणाऱ्या चुका वर्षानुवर्षं त्याच आहेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पाकिटावरचा आकडा दिवसभराचा असतो

पपी फूडच्या पाकिटामागे एक तक्ता असतो. त्यातले ग्रॅम साधारणपणे चोवीस तासांचे असतात. तुमच्या पिल्लाच्या रकान्यात २४० ग्रॅम लिहिलं असेल आणि तुम्ही चार वेळा खायला घालत असाल, तर एका वेळी ६० ग्रॅम. अनेक घरांत २४० ग्रॅम एका वेळचे धरले जातात. पिल्लू भांडं चाटूनपुसून साफ करतं, म्हणून सगळे खूश. मग शी पातळ होते.

पुढचं मला पाठ आहे. शी पातळ झाली की त्याच दिवशी फूड बदललं जातं. आतड्याला नव्या खाण्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, तो मिळत नाही, शी आणखी पातळ होते. मग तिसरं पाकीट, वर कुणी सुचवलेलं काहीतरी उकडून. मला फोन येतो तेव्हा घरात तीन अर्धवट पाकिटं उघडी असतात आणि पिल्लावर 'नाजूक पोटाचं' असा शिक्का बसलेला असतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला : एका वेळी किती घालता, आणि कशाने मोजता? 'वाटीने' म्हटलं की निम्मं उत्तर मिळालं. एकाच वाटीत एक फूड जास्त वजनाचं भरतं, दुसरं कमी. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. तक्त्याच्या वरची ओळही वाचा; काही तक्ते पिल्लाच्या आजच्या वजनावर असतात, काही ते पूर्ण वाढल्यावर जेवढं भरेल त्या वजनावर.

फूड बदलायचंच असेल तर सात दिवस घ्या. पहिले दोन दिवस नवं पाव हिस्सा, पुढचे दोन दिवस निम्मं, मग दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. पिल्लू घरी आल्या आल्या तर बदलूच नका. आधीच्या घरी जे खात होतं तेच सुरुवातीला द्या, तुम्हाला ते पसंत नसलं तरी. आई, भावंडं, जागा सगळं एका दिवसात सुटलंय, निदान ताटातलं तरी ओळखीचं राहू द्या.

एक मात्र लक्षात ठेवा. पातळ शीबरोबर उलट्या, रक्त किंवा सुस्ती असेल, पिल्लू पाणीही पीत नसेल, तर माप आणि वजनकाटा बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. पार्व्हो या विषाणूच्या जीवघेण्या आजाराची सुरुवात अशीच दिसते आणि लहान पिल्लाच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं.

किती वेळा

आठ ते बारा आठवड्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन वेळा. फार लहान जातीच्या पिल्लांना जास्त वेळ उपाशी ठेवू नका, त्यांची रक्तातली साखर पटकन उतरते. भांडं पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, उरलं तर उचलायचं. भांडं घेऊन पिल्लाच्या मागे घरभर फिरणं बंद करा. असं दोन-तीनदा केलं की धडधाकट पिल्लूही आणखी चविष्ट काही येईपर्यंत तोंड लावत नाही.

दूध : आईचं सुटल्यावर ते पचवण्याची ताकद कमी होत जाते, त्यामुळे बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. पाणी द्या.

चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही : अजिबात नाही. शिजवलेली हाडंही नाहीत, त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात.

कॅल्शियमची बाटली

याचा मला खरंच राग येतो, कारण हे प्रेमापोटी केलं जातं आणि इजा कायमची होते. मोठ्या जातीचं पिल्लू आणलं की कुणीतरी सांगतं, "हाडं मजबूत व्हायला हवीत, कॅल्शियम चालू कर." चांगल्या पपी फूडमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण आधीच बसवलेलं असतं. वरून बाटली ओतली की ते बिघडतं. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं शरीर जास्तीचं कॅल्शियम बरंचसं नाकारू शकतं, पण साधारण सहा महिन्यांखालच्या पिल्लाला ते नीट जमत नाही. जेवढं पोटात जातं त्यातलं बरंच अंगात शिरतं, आणि भराभर वाढणाऱ्या हाडांची व सांध्यांची घडण बिघडते.

याच्या उलट टोकाला नुसतं मांस घालणारे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. मग शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेतं, आणि सोफ्यावरून उडी मारली एवढ्यावर पाय मोडतो. म्हणून घरचं खाणं द्यायचं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या, अंदाजाने करू नका. आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय कॅल्शियम नको.

गुटगुटीत पिल्लाचं कौतुक करणंही थांबवायला हवं. मोठ्या जातीत तर जास्तीचं वजन थेट सांध्यांवर येतं. छातीवरून तळहात फिरवला की न दाबता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं की कंबर दिसली पाहिजे. पाठ हडकुळी आणि पोट मात्र टम्म, असं असेल तर ते भरलेलं पोट नसून बहुधा जंत आहेत. जंतांचं औषध शेवटचं कधी दिलं ते तपासा.

खाताना भांड्यात हात

'मालक कोण ते कळायला हवं' म्हणून पिल्लू खात असताना भांडं ओढून घेण्याची पद्धत अजून चालू आहे. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की हात जवळ आला की जेवण जातं. काही महिन्यांनी ते गुरगुरतं आणि मग त्याच्यावरच ठपका येतो. मी चालता चालता भांड्यात आतल्यापेक्षा चवदार एक तुकडा टाकतो आणि न थांबता पुढे जातो. रोज एकदा, बस. माणूस जवळ आला की पिल्लू शेपटी हलवायला लागतं.

पट्टा, लीश आणि रस्ता एकाच दिवशी

एका घरी लॅब्रॅडॉरचं पिल्लू होतं, ठकी. लीश विकत आणली त्याच संध्याकाळी तिच्या गळ्यात पट्टा पडला आणि तशीच ती रस्त्यावर आली. फाटकाबाहेर दोन पावलं टाकून खाली बसली. घरच्यांनी ओढलं. पिल्लाला पुढे ओढलं की ते मागे रेटा देतं, हा हट्ट नसतो, अंगावर ताण आला की शरीर आपोआप तसं वागतं. ते न कळल्यामुळे ठकी बूड घासत कोपऱ्यापर्यंत नेली गेली. पुढचे काही दिवस रोज तेच.

मला बोलावलं तेव्हा खुंटीवरच्या लीशचा हुक 'खट्' वाजला की ती पलंगाखाली भिंतीला चिकटून मुतायची. घरच्यांची तक्रार मुतण्याची होती. हुकाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

ती लीश आधी कपाटात गेली. दुसरी आणली, कापडी, हलकी, लहान हुकाची. जेवणाच्या वेळी हुक नुसता दाबून सोडायचा आणि लगेच भांडं खाली ठेवायचं, ठकीला हात लावायचा नाही. सुरुवातीला ती पलंगाखालून मान काढून बघायची, फक्त. मग आवाज झाला की भांड्याच्या जागी येऊन उभी राहू लागली. त्यानंतर ती खात असताना हुक लावायचा आणि खाणं संपायच्या आत काढायचा. मग लीश मागे लोळवत घरात फिरू द्यायची, नजर ठेवून. मग टोक हातात, पण ती जाईल तिकडे आपण जायचं. फाटक सगळ्यात शेवटी. घरातले आजोबा रोज विचारायचे, "आज न्यायची का बाहेर?" रोज नाही म्हणावं लागायचं. पहिल्यापासून याच क्रमाने घेतलं असतं तर जे थोड्या दिवसांत झालं असतं, त्याला महिन्याच्या वर वेळ गेला.

तुमच्या पिल्लाला भीती बसलेली नसली तरी क्रम हाच ठेवा : आधी घरात नुसता पट्टा, मग लोळती लीश, मग हातात, मग अंगण, मग शांत रस्ता. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. जेवणाच्या आधी घ्या, भूक असताना लक्ष असतं. खाऊ म्हणून त्याच्याच दिवसभराच्या मापातले दाणे खिशात ठेवा; वेगळ्या ट्रीट दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत. दाणा नेहमी स्वतःच्या पायाशी, पँटच्या शिवणीला हात लावून द्या. दाणा जिथे मिळतो तिथेच पिल्लू चालतं.

ओढायला लागलं की थांबा. झटका नाही, ओरडणं नाही, नुसतं उभं राहायचं. लीश सैल पडली की त्याच क्षणी पुढे. पहिले काही दिवस दहा पावलांत सातदा थांबावं लागेल आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात. ओढून एकदा जरी झाडापर्यंत पोचता आलं तरी पिल्लू ते विसरत नाही, आणि घरातल्या एकाने थांबायचं, दुसऱ्याने जाऊ द्यायचं असं चाललं तर ते शिकणारच नाही. 'एका दिवसात लीश ट्रेनिंग'चे व्हिडिओ बघून चोक चेन, म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी, घेऊ नका. वेदनेने पिल्लू थांबतं, पण तुमच्या शेजारी चालायला शिकत नाही, आणि कोवळ्या श्वासनलिकेला इजा होते ती वेगळीच.

आपोआप लांबणारी लीश पिल्लाला नको. ती सतत ताणलेली असते, म्हणजे ओढलं की पुढे जाता येतं हेच शिकवते. दीड-दोन मीटरची साधी पुरे.

लस पूर्ण व्हायच्या आधी इतर कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडू नका, पार्व्हो मातीत महिनोन्महिने टिकतो. पण म्हणून घरात कोंडूही नका. नव्या गोष्टी बिनधास्त स्वीकारण्याचं वय साधारण तीन ते चौदा आठवडे असतं. कडेवर घेऊन गाड्या, छत्र्या, शाळेची मुलं दाखवा.

पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. हे दर आठवड्याला बघा, कारण पिल्लू वाढतं आणि पट्टा तेवढाच राहतो.