मिक्सर की रॉकेट? त्वरणांची तुलना करायची रीत

वेग आणि त्वरण यांची गल्लत करू नका, असं मी शिकवणीत पहिल्याच दिवशी बजावते. तरी घटक चाचणीत कुणीतरी लिहितंच, ‘विमान सर्वांत वेगवान, म्हणून त्याचं त्वरण सर्वांत जास्त.’ ताशी ८०० किलोमीटरने एका लयीत सरळ चाललेल्या विमानाचं त्वरण जवळजवळ शून्य असतं. म्हणून तर कपातला चहा हिंदकळत नाही. तुलना करायची तर वेग किती हे बाजूला ठेवा. तो किती वेळात किंवा किती अंतरात बदलला, ते बघा.

माप एकच धरा: पृथ्वीचं गुरुत्वीय त्वरण, ९.८ मी/से². येईल त्या उत्तराला ९.८ ने भागायचं आणि ‘इतके जी’ असं लिहायचं.

वेळ माहीत असेल तर काम सोपं. एखादी कार १० सेकंदांत ताशी १०० ला पोचते. १०० भागिले ३.६ म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, त्याला दहाने भागा, २.८ मी/से². म्हणजे पाव जीहून थोडं जास्त. अर्ध्या मिनिटात ताशी २५० गाठणारं विमानही धावपट्टीवर साधारण तेवढंच देतं, फक्त जास्त वेळ देतं.

लिफ्टसाठी फोन वापरा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे ॲप फुकट मिळतं. फोन लिफ्टच्या फरशीवर सपाट ठेवा आणि गुरुत्वासह त्वरण दाखवणारा पर्याय निवडा. लिफ्ट उभी असतानाच ९.८ दिसेल. घाबरू नका, फरशी फोनला खालून जो रेटा देते तो तिथे उमटतो. वर निघताना आकडा क्षणभर साडेदहाच्या आसपास चढतो, मधल्या मजल्यांवर पुन्हा ९.८ ला येतो आणि थांबताना नऊच्या जवळ उतरतो. आलेख सापडला की ९.८ वजा करा. उरलं ते लिफ्टचं त्वरण, जेमतेम ०.०७ जी. पोटात गोळा येतो तो एवढ्याशानेच!

आदळण्याचं गणित तर तोंडी होतं: पडण्याची उंची भागिले थांबायला लागलेलं अंतर, की थेट सरासरी जी. एक मीटरवरून फोन गादीवर पडला आणि गादी ५ सेंटिमीटर दबली, तर २० जी. तोच फोन फरशीवर पडून २ मिलिमीटरमध्ये थांबला, तर ५००. कव्हर घालायचं ते या मिलिमीटरांसाठी.

गोल फिरताना वेगाची दिशा सतत बदलते, म्हणून तेही त्वरणच. अशा वस्तूंना माझा आवडता आडाखा लावा, उत्तर थेट जीमध्ये येतं: ४ गुणिले सेकंदाचे फेरे, पुन्हा गुणिले फेरे, गुणिले मीटरमधली त्रिज्या. छताचा पंखा सेकंदाला ५ फेरे, त्रिज्या ०.६ मीटर: टोकाला ६० जी. (तरी धूळ चिकटून बसतेच, हे दिवाळीच्या साफसफाईत कळतं.) पॅथॉलॉजी लॅबचं सेंट्रिफ्यूज, मिनिटाला ३००० फेरे, त्रिज्या १० सेंटिमीटर: १०००. मिक्सर मिनिटाला १८,००० फेरे आणि पातं ३ सेंटिमीटरचं धरलं, तर १०,८००! अंतराळवीरांना नेणारं रॉकेट चारेक जीवर थांबतं, नाहीतर आतल्या माणसाचं काय होईल? बाकी फोनचा सेन्सर सहसा ८ किंवा १६ जीच्या पुढे मोजतच नाही, तेव्हा तो वॉशिंग मशीनमध्ये टाकून काही कळायचं नाही.

सगळ्यांत फसवी जागा पुढेच आहे. अमेरिकन हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप १० डिसेंबर १९५४ ला रॉकेटवर धावणाऱ्या घसरगाडीत बसले आणि ताशी सुमारे १०१७ किलोमीटरवरून १.४ सेकंदांत थांबले. वाचलेही. सगळीकडे ‘४६ जी’ छापलेलं असतं, पण वरच्या रीतीने भागून पाहा, २० च्या आसपास येतात. ४६ हा झटक्यातला सर्वांत मोठा क्षण, २० ही सरासरी, दोन्ही बरोबर. एकाची सरासरी आणि दुसऱ्याचं शिखर शेजारीशेजारी मांडणाऱ्याचे मी सरळ गुण कापते. म्हणून वहीत प्रत्येक आकड्यापुढे ‘सरासरी’ की ‘कमाल’ ते लिहा, आणि किती वेळ टिकलं तेही. फोनचे ते ५०० जी सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतेच होते.