कबड्डीत करिअर करायचंय? मग आधी हे वाचा

सगळ्यात आधी एक संघ पकडा, म्हणजे जिल्हा संघटनेशी जोडलेलं मंडळ. कारण निवड चाचणी तिथूनच होते आणि जिल्हा, मग राज्य, मग नॅशनल हीच शिडी आहे, वयोगटही तसेच, किशोर, कुमार आणि मग सीनियर. नुसत्या गावच्या यात्रेतल्या मॅचेस मारून कुणी वर जात नाही (मजा मात्र तिथेच येते, ते सोडा).

मातीवर शिकला असाल तर मॅटची सवय लवकर लावा, शूज घालून पाय वेगळाच पडतो आणि टर्न घेताना गुडघा जातो. चढाईला ३० सेकंद मिळतात, त्यात नुसतं पळू नका, कोपरारक्षकाचा पाय बघा, तो पुढे आला की बोनस (बोनस रेषा ओलांडून मिळणारा जादा गुण) सोडून हात मारा. पकडीवाल्यांनी अँकल होल्ड (चढाईवाल्याच्या घोट्याची पकड) रोज घोटायचा, घाई केली की हात मोकळाच राहतो. आणि वजन! सीनियर पुरुषांना ८५ किलोची मर्यादा आहे, त्यामुळे वडापाव जपून.

प्रो कबड्डी लीग २०१४ ला आली आणि पैशाचं गणितच बदललं, चंदगडचा सिद्धार्थ देसाई २०१९ च्या लिलावात १ कोटी ४५ लाखांना गेला. पण असे मोजकेच हो, म्हणून रेल्वे, पोलीस, बँकांच्या स्पोर्ट्स कोट्यावर लक्ष ठेवा, स्पर्धांची सर्टिफिकेटं फाईलला नीट लावा, शिक्षण सोडू नका. गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही.